हाताची अक्षरं, यंत्रातली अक्षरं

जुन्या मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती आठवून पाहा. नाटकाचं नाव छापखान्यातले खिळे जुळवून केलेलं नसे, ते हाताने रेखलेलं असे. कमल शेडगे यांनी अशी कितीतरी शीर्षकं केली. २०२० साली ते गेले. नाटक हसवणार की घाबरवणार, हे त्यांचं अक्षरच सांगून टाकी. दुकानाच्या पाटीवर रंगाऱ्याने भरल्या ब्रशने ओढलेलं अक्षर याच गोतावळ्यातलं.

आता असं खडबडीत, हातचं वाटणारं अक्षर संगणकावर फाँट म्हणून मिळतं. पण दोन्हींत फरक आहे. चित्रकार अख्खा शब्द रेखतो. फाँट करणारा सुटी अक्षरं रेखतो, शेजारी कोण येणार हे त्याला ठाऊक नसतं. एकाला कविता म्हणा, दुसऱ्याला शब्दकोश! 'मामा' हा शब्द अशा फाँटमध्ये टाइप केला की दोन्ही 'मा'ना एकाच जागी एकसारखाच ओरखडा दिसतो, आणि सोंग उघडं पडतं. म्हणून चांगल्या फाँटमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आळीपाळीने येतील अशी सोय केलेली असते. ती नसेल तर दुसऱ्या अक्षराची कड आपणच थोडी बदलून घ्यावी.

आपल्या लिपीची अडचण आणखी वेगळी. रोमन छापील अक्षरं सुटी उभी राहतात. आपली शिरोरेषेला टांगलेली. एका अक्षराची रेघ किंचित वर संपली आणि पुढच्याची खाली सुरू झाली, तर मध्ये पायरी दिसते. त्यामुळे रेघेची टोकं जुळती ठेवून खडबडीतपणा मधल्या भागात आणावा लागतो. तिथेही जपून! 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत मुख्य फरक शिरोरेषा तुटण्याचाच. नको तिथे रेघ तुटली की 'घन'चं 'धन' होतं. नाटकाच्या फलकावर हे चालून जाईल, दवाखान्याच्या पाटीवर नाही. बारीक आकारात तर अक्षरांची पोटं शाईने भरूनच जातात. तेव्हा असं अक्षर चार-पाच शब्दांपुरतं आणि मोठ्या आकारात वापरावं; पत्ता, वेळ, तिकिटाचा दर साध्या अक्षरात द्यावा. लग्नपत्रिकावाल्यांनी हे जरूर ऐकावं.

जोडाक्षरांचं काम तर निराळंच. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' हा फाँट खडबडीत नाही, चांगला गुबगुबीत आहे. पण त्यातलं प्रत्येक अक्षर आधी हाताने रेखलं आणि मग संगणकावर घेतलं.

फ्लेक्सचे फलक आले आणि पाट्या रंगवणाऱ्यांचं काम आटलं. आता त्यांच्याच ब्रशची नक्कल विकली जाते, बहुतेकदा त्यांच्या नावाशिवाय. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी हे वेगळ्या रीतीने केलं. रस्त्यावरच्या रंगाऱ्यांकडून अक्षरं काढून घेऊन त्यांनी फाँट तयार केले आणि फाँटना त्या-त्या रंगाऱ्याचंच नाव दिलं. कुरेशी २०२४ साली वारले. त्यांच्या संग्रहातल्या एका फाँटचं नाव आहे 'पेंटर कफील'.