जॅको पास्टोरियसची बिनपडद्याची बास

अमेरिकेतील जॅझच्या दरबारात खर्जाचे वाद्य वाजवणाऱ्याला पूर्वापार जी जागा नेमून दिलेली होती, ती दफ्तरातल्या इमानी कारकुनाची होती. मूळ स्वर वेळच्या वेळी दाखल करावेत, लय ढळू देऊ नये, सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांच्या मानकऱ्यांनी कितीही भराऱ्या मारल्या तरी उतरण्यास त्यांना जमीन शिल्लक ठेवावी, आणि मैफल उठल्यावर आपले नाव कोणी घेतले नाही तरी तक्रार करू नये, अशी ती वहिवाट होती. चार्ल्स मिंगस आणि स्कॉट लाफॅरो यांच्यासारख्या थोर वादकांनी उभ्या बासवर ही वहिवाट मोडून दाखवली होती हे खरे. परंतु विजेवर वाजणाऱ्या बास गिटारला जॅझचे जुने जाणकार पुष्कळ काळपर्यंत नाचगाण्याच्या बाजारातून आलेली आगंतुक वस्तू समजत असत, आणि स्टॅन्ली क्लार्कसारखा एखादा अपवाद वगळला तर तिच्याकडून स्वतंत्र भाषणाची अपेक्षा कोणी करीत नसे.

अशा स्थितीत १९७६ साली एपिक कंपनीने ‘जॅको पास्टोरियस’ याच नावाने एका पंचविशीही न गाठलेल्या तरुणाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिच्यात हर्बी हॅनकॉक आणि वेन शॉर्टर यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी हजर असूनही प्रारंभ मात्र असा केलेला आहे की पियानो नाही, वाद्यवृंद नाही, केवळ डॉन अलायस याचे कोंगा आणि त्यावर एकटी बास गिटार. ती वाजवते काय, तर चार्ली पार्करने १९४७ साली मुद्रित केलेली ‘डॉना ली’ ही सॅक्सोफोनची बिकट वळणांची, दम घेऊ न देणारी बीबॉप चीज. खर्जाच्या जाड तारांवर ही चीज वाजवणे हे प्रथमदर्शनी एक साहस वाटते. पण दोनचार वेळा ऐकल्यावर साहसाचा विचार मागे पडतो आणि लक्ष लागते ते त्या नादाकडे. मानवी कंठाला जवळचा, किंचित अनुनासिक, स्वरावरून स्वरावर घसरत जाणारा, आणि तरीही प्रत्येक अक्षर सुटे उमटवणारा असा नाद बास गिटारमधून त्यापूर्वी निघालेला नव्हता.

या नादाची कुळकथा समजण्यासाठी प्रथम वाद्याची हकीकत पाहिली पाहिजे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने १९५१ साली बाजारात आणलेल्या विजेच्या बास गिटारला ‘प्रिसिजन’ हे नाव दिले, ते तिच्या पडद्यांवरून. उभ्या बासच्या पट्टीवर पडदे नसल्यामुळे स्वराची जागा वादकाला केवळ कानाने आणि अभ्यासाने शोधावी लागे. फेंडरने गिटारप्रमाणे धातूचे पडदे पट्टीत बसवून ती चिंता मिटवली आणि अचूकपणाची हमी कारखान्यातूनच देऊन टाकली. १९६० साली त्याने ‘जॅझ बास’ हा दुसरा, निमुळत्या मानेचा आणि दोन पिकअपचा, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या दोन चुंबकांचा, नमुना काढला. पास्टोरियसने अजरामर केलेली गिटार ही याच जातीची, १९६२ च्या बनावटीची. आणि जी गोष्ट या वाद्याचे मुख्य भूषण म्हणून निर्माण झाली होती, नेमकी तीच, म्हणजे पडदे, तिच्यावरून नाहीशी झालेली होती.

जॉन फ्रान्सिस पास्टोरियस हे त्याचे मूळ नाव. त्याचा जन्म १ डिसेंबर १९५१ रोजी पेन्सिल्वेनिया राज्यातील नॉरिसटाउन येथे झाला, परंतु तो लहानाचा मोठा झाला तो फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल या समुद्रकाठच्या गावी. वडील गायक आणि ड्रमवादक. मुलानेही प्रथम ड्रमच हाती घेतले होते, पण फुटबॉल खेळताना मनगटाला झालेल्या दुखापतीमुळे तो मार्ग आखडला आणि स्थानिक वाद्यमेळ्यातील बासवादकाची जागा रिकामी होताच तो तिकडे वळला. फ्लोरिडाचा किनारा म्हणजे संगीताच्या दृष्टीने एक बंदरच होते: क्यूबा आणि कॅरिबियन बेटांचे ताल, काळ्या समाजाचे सोल संगीत, हॉटेलांतील नाचाची गाणी आणि जॅझ हे सारे तेथे एकाच वाऱ्यावर येत असे, आणि या मुलाने त्यांपैकी काहीच परके मानले नाही. वेन कॉक्रन याच्या फिरत्या वाद्यमेळ्यात रात्रीमागून रात्र घाम गाळून त्याने जी तालीम घेतली, तिचे मोल कोणत्याही संगीत विद्यालयाच्या सनदेपेक्षा अधिक होते असे मला वाटते.

जॅझची ओढ लागल्यावर त्याने मोठ्या प्रयासाने एक उभी बास मिळवली. परंतु फ्लोरिडाची दमट हवा लाकडी वाद्यांची वैरीण. त्या हवेने बास उकलली आणि हे प्रकरण तेथेच संपले. उभ्या बासवरचे घसरते, गाते स्वर तर हवे आणि हवेला न जुमानणारे टणक वाद्यही हवे, या दुहेरी गरजेतून फेंडरच्या गिटारवरील पडदे काढण्याची तजवीज निघाली. लोणी लावायच्या सुरीने त्याने ते स्वतः उपटले अशी एक हकीकत सांगतात. गिटार हाती आली तेव्हाच कोणीतरी ते काढून टाकलेले होते अशी दुसरीही हकीकत प्रचलित आहे, आणि आपल्या चरित्राची मखलाशी करण्याची हौस असलेल्या या गृहस्थाच्या बाबतीत दोहोंतील एक निवडण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. बिनपडद्याची बास ही काही त्याची एकट्याची कल्पना नव्हती. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये आणि खुद्द फेंडरने १९७० मध्ये तशी वाद्ये विक्रीस काढलेली होती. पास्टोरियसचे कर्तृत्व पुढच्या फेरफारांत आहे.

पडदे गेल्यावर पट्टीवर जे चर राहिले ते त्याने लाकडाच्या भरावाने बुजवले. बिनपडद्याच्या गिटारला बहुतेक लोक चपट्या पट्टीचे वेटोळे दिलेल्या गुळगुळीत तारा लावीत. त्या बोटांना आणि लाकडाला सौम्य, पण आवाजाला मंद. पास्टोरियसला झळाळी हवी होती, म्हणून त्याने इंग्लंडातील रोटोसाउंड कंपनीच्या, गोल तारेच्या वेटोळ्यांच्या खरखरीत तारा चढवल्या. या तारा कानशीसारख्या असतात. उघडे लाकूड त्या पाहता पाहता कुरतडून टाकतात. तेव्हा पट्टीचे रक्षण करणे भाग पडले आणि फ्लोरिडातील मनुष्याला जे साधन सहज सुचावे तेच त्याला सुचले: बोटींच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून लावतात तो इपॉक्सीचा लेप. त्याचे थरावर थर देऊन पट्टी काचेसारखी कठीण आणि चकचकीत झाली. दमट हवेने एक वाद्य हिरावून नेले आणि तिच्याच गावच्या बोटींच्या दुकानाने दुसऱ्याला कवच दिले. एका अडचणीवर काढलेला तोडगा दुसरी अडचण उत्पन्न करतो आणि तिचा तोडगा नकळत नव्या नादाला जन्म देतो, असा हा सारा व्यवहार आहे. कोणत्याही कारखान्याच्या आराखड्यात तो आधी मांडलेला नव्हता.

आपल्याकडील वाचकास या नादाचे मर्म समजणे अवघड जाऊ नये. सरोदच्या पोलादी पत्र्यावर पडदे नसतात म्हणून तेथे मींड जशी अखंड वाहते, तशीच ती या पट्टीवरही वाहते. परंतु मींड हा अर्धाच खुलासा झाला. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीचा माथा अशा बेताने घासतात की कंप पावणारी तार त्या किंचित वक्र पृष्ठभागाला ओझरती स्पर्शत राहावी आणि त्या स्पर्शातून वरचे स्वर खुलावेत. बिनपडद्याच्या पट्टीवर बोटाने दाबलेली तारही तशीच बोटापुढच्या पट्टीला चाटून जाते. पट्टी मऊ लाकडाची असेल तर हे बोलणे पुटपुटण्यावर थांबते. इपॉक्सीच्या कठीण थरावर खरखरीत तार घासली की स्वर प्रथम थोडा दबून मग फुलत जातो, आणि त्याचे ते फुलणे म्हणजेच पास्टोरियसची ओळख. त्यात भर अशी की तो मागचा, घोडीजवळचा पिकअप मुख्यत्वे वापरी आणि उजव्या हाताची बोटेही त्याच जागी चालवी. तारेच्या टोकाशी कंपाची रुंदी थोडी असल्यामुळे मूळ स्वराचा फुगारा तेथे कमी आणि वरच्या अंशांचे तेज अधिक मिळते. खर्जाच्या वाद्यातून त्याने खर्ज काही प्रमाणात वजा केला, आणि त्यामुळेच ते वाद्य वृंदाच्या कोलाहलातून स्पष्ट ऐकू येऊ लागले. मंचावर मागे अकूस्टिक कंपनीचा ३६० जातीचा ध्वनिवर्धक असे, ज्याचा अठरा इंची कर्णा पेटीच्या आत मागे तोंड करून बसवलेला असल्यामुळे मूळ स्वराचा भार दूरच्या श्रोत्यांपर्यंत जाऊन पोचे.

येथपर्यंतची सामग्री पैसे टाकल्यास कोणालाही मिळण्यासारखी आहे, आणि गेल्या चार दशकांत हजारोंनी ती मिळवलीही आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वादनात जे खटकते ते मींडेचे अजीर्ण. पडदे नाहीत म्हणून प्रत्येक स्वर डोलवलाच पाहिजे अशी त्यांची समजूत दिसते. पास्टोरियस याबाबतीत विलक्षण काटकसरी होता. वेगाच्या जागी त्याचे स्वर पडद्यावर पडल्याइतके नेमके पडतात, आणि डोलणे राखून ठेवलेले असते ते दीर्घ स्वराच्या उत्तरार्धासाठी. आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते नादाहूनही मोठी आहे, ती म्हणजे त्याचा उजवा हात ड्रमवाल्याचाच राहिला. सोळा मात्रांच्या बारीक विणीत तो मधले कित्येक आघात डाव्या हाताने तार झाकून निःस्वर ठेवतो. ते ऐकू येतात न येतात, पण त्यांच्यामुळेच ऐकू येणारे स्वर उडी घेतात. ही विद्या त्याने जेरी जेमॉटसारख्या सोल संगीतातील बासवादकांकडून उचलली, आणि ते ऋण तो मोकळेपणाने मान्य करी. १९८५ साली त्याने बासशिक्षणाची जी चित्रफीत केली तिच्यात त्याला प्रश्न विचारण्यासाठी खुद्द जेमॉटच बसलेला आहे.

त्याच पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ नावाची एक लहानशी चीज आहे. ट्रेसी ही त्याची पत्नी. या चीजेचा मुख्य भार हार्मोनिकांवर, म्हणजे ज्यांना आपण स्वयंभू स्वर म्हणतो त्यांच्यावर आहे. तार न दाबता तिच्या अर्ध्यावर, तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्यावर बोट नुसते टेकवले की ती घंटेसारखा उंच स्वर देते, हे प्रत्येक तंतुवादकाला ठाऊक असते आणि वाद्य जुळवताना तो त्याचा उपयोगही करतो. पास्टोरियस पाचव्या हिश्श्यापर्यंत गेला, जेथे तंबोऱ्यातल्यासारखा गांधार सापडतो. आणि हे दुर्मीळ स्वर खालच्या दाबलेल्या स्वरांशी जोडून त्याने दोन हातांनी वाजवलेल्या पियानोचा भास उत्पन्न केला. काही ठिकाणी तर एका बोटाने तार दाबून त्याच हाताच्या करंगळीने पुढे तिला स्पर्श करावा लागतो. त्याचे हात या कामाला पुरेसे मोठे होते ही निसर्गाची देणगी. पण जुळवणीच्या कामी येणाऱ्या या स्वरांतून पूर्ण रचना उभी करावी हे सुचणे निसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही.

‘वेदर रिपोर्ट’ या संघाचा सूत्रधार जो झाविनुल हा व्हिएन्नाहून आलेला करड्या स्वभावाचा पियानोवादक होता. मायामीत एका मैफलीनंतर पास्टोरियसने त्याला गाठून आपण जगातील सर्वश्रेष्ठ बासवादक आहोत असे बिनदिक्कत सांगितले आणि झाविनुलने त्याला हाकलून दिले. पुढे त्याचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर, हा मुलगा विजेची बासही वाजवतो काय, अशी त्याने पृच्छा केली म्हणतात. जे ऐकले ते उभ्या बासवरचेच आहे असा त्याचा समज झाला होता. १९७६ पासून १९८२ पर्यंतच्या या संघाच्या ध्वनिमुद्रिकांत पास्टोरियस आहे, आणि ‘हेवी वेदर’ (१९७७) हे त्यांतील शिखर. ‘बर्डलँड’च्या आरंभीची उंच धून पुष्कळांना गिटारची वाटते, ती त्याच्या बासवरील हार्मोनिकांतून निघालेली आहे. ‘टीन टाउन’ या स्वतःच्या रचनेत ड्रमही त्यानेच वाजवले. पण मला विचाराल तर झाविनुलच्या ‘अ रिमार्क यू मेड’ या संथ चीजेत, वेन शॉर्टरच्या सॅक्सोफोनशी संवाद करताना, तो ज्या संयमाने गातो त्याच्यापुढे बाकीची चपळाई फिकी पडते.

गायिका जोनी मिचेल हिने त्याला ‘हेजिरा’ (१९७६) साठी बोलावले. आपल्या गाण्याखाली मूळ स्वराचे खुंटे ठोकणाऱ्या बासवादकांना ती कंटाळलेली होती. पास्टोरियस खुंटे ठोकतच नसे. त्या ध्वनिमुद्रिकेतील ज्या चार गाण्यांत तो आहे तेथे बास ही दुसरी गायिकाच झाली आहे, कधी पुढे जाणारी, कधी गाणे एकटे सोडून गप्प राहणारी.

१९८१ मध्ये ‘वर्ड ऑफ माउथ’ या ध्वनिमुद्रिकेत त्याने मोठ्या वृंदासाठी लेखन केले आणि केवळ वादक म्हणून त्याची गणना करणाऱ्यांना उत्तर दिले. त्यानंतरचा इतिहास दुःखद आहे आणि त्याचे रसभरित वर्णन करण्याची जी प्रथा पडली आहे ती मला पसंत नाही. मनोविकाराने त्याला ग्रासले, मद्याने ते दुखणे वाढवले, काही काळ तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर राहिला, आणि फोर्ट लॉडरडेलजवळ एका रात्रीच्या क्लबाच्या दारात झालेल्या मारहाणीनंतर २१ सप्टेंबर १९८७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मरण पावला.

गिटारची कहाणी त्याच्यानंतरही चालू राहिली. आधी तिचे तुकडे झाले होते. फ्लोरिडातील कारागिरांनी ते सांधून तिला पुन्हा बोलती केले. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावरून ती चोरीस गेली, आणि वीसेक वर्षांनी त्याच शहरातील एका वाद्यविक्रेत्याकडे प्रकट झाली. मालकी कोणाची याबद्दल कुटुंब आणि विक्रेता यांच्यात वाद लागला. अखेर २०१० मध्ये ‘मेटॅलिका’ या रॉक संघाचा बासवादक रॉबर्ट ट्रुहियो याने, ज्याच्या स्वतःच्या गोंगाटी संगीताशी या वाद्याचा वरकरणी काही संबंध दिसू नये, पदरचे पैसे भरून तडजोड घडवली, आणि कुटुंबाला केव्हाही हवी असेल तेव्हा त्याच किमतीस ती परत देण्याचा लेखी करार करून गिटार ताब्यात घेतली.