पाच ताऱ्यांचा हिशेब

मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीतून आपण घरी उतरतो, दार लावतो आणि जिना चढता चढता फोनच्या पडद्यावर पाच तारे उमटतात. प्रवास कसा झाला, असा प्रश्न असतो. कोणी तो न वाचताच पुसून टाकतो, कोणी चार तारे देतो, कोणी दिवसभराचा राग त्या एका बोटाने काढतो. आपले काम एवढ्यावर संपते. ज्याच्या गाडीतून आपण आलो, त्याची काळजी मात्र तेथून सुरू होते. या ताऱ्यांचा हिशेब कसा चालतो, चालकाला तो कसा सुधारता येतो आणि कोठे त्याचा इलाज चालत नाही, हे सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही चालकांच्या संघटनेचे काम करतो. तेव्हा आमची बाजू कोणती हे उघडच आहे. परंतु गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या चालकाला आम्ही प्रथम त्याच्या चुका विचारतो आणि मग कंपनीच्या. येथेही तोच क्रम ठेवू.

प्रथम गणित पाहू. उबर कंपनीच्या पद्धतीत चालकाचा गुणांक म्हणजे शेवटच्या ५०० प्रवाशांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी. कोणी किती तारे दिले हे चालकाला कळत नाही. फक्त आकडा हलतो. आता ही सरासरी कोठपर्यंत घसरली तर चालते? लंडनच्या चालकांनी उबरविरुद्ध लढवलेल्या खटल्यात २०१६ साली न्यायाधिकरणापुढे असे आले की, २०० फेऱ्या पूर्ण केलेल्या चालकाची सरासरी ४.४ च्या खाली गेली की त्याला टप्प्याटप्प्याने ताकीद मिळे, आणि आकडा सुधारला नाही तर त्याचे खाते बंद होई. उदाहरणादाखल हीच रेषा धरू.

५०० प्रवाशांपैकी ३०० जणांनी ‘चांगला होता’ म्हणून चार तारे दिले आणि उरलेल्या २०० जणांनी पाच दिले, तर सरासरी बरोबर ४.४ येते. म्हणजे पाचांतले तीन प्रवासी त्याला चांगला म्हणतात, दोन उत्तम म्हणतात, वाईट कोणीच म्हणत नाही, तरी तो माणूस कड्यावर उभा आहे! आमच्या पिढीत शंभरांत ऐंशी गुण पडले तर गल्लीत पेढे वाटीत. येथे पाचांत चार, म्हणजे तेच ऐंशी, सगळ्यांकडून मिळाले तर नोकरी जाते. अनेक सुशिक्षित प्रवाशांना हे सांगितले तेव्हा ते चकित झाले. तीन तारे म्हणजे ‘ठीक’ असे समजून ते वर्षानुवर्षे देत आले होते.

नव्या चालकाची स्थिती याहून नाजूक असते. जुन्याच्या ५०० आकड्यांत एक तारा आला तर सरासरी ०.००८ ने उतरते. कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ज्याला आतापर्यंत वीसच जणांनी तारे दिले आहेत, त्याला एकोणीस जणांनी पाच आणि एकाने एक दिला तर तो ४.८ वर येतो. तेथून ४.९ गाठायला त्याला आणखी वीस प्रवाशांकडून ओळीने पाच तारे मिळवावे लागतात. म्हणून आम्ही नव्या मुलांना सांगतो की, पहिले दोन महिने भाडे थोडे कमी मारा, पण एकही भाडे भांडणावर संपवू नका.

आता चालकाच्या हाती काय आहे ते पाहू. गेल्या उन्हाळ्यात एक चालक आमच्याकडे आला. आकडा ४.४ च्या आसपास, ताकीद आलेली, गाडीचा हप्ता चालू. “दादा, मी कोणाला उलट बोलत नाही. गाडी स्वच्छ आहे. मग तारे जातात कुठे?” आम्ही म्हटले, “आम्ही प्रवासी आहोत असे समजा आणि आम्हाला फोन करा.” त्याने फोन कानाला लावला आणि म्हणाला, “हॅलो, कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?”

तारे कुठे जात होते हे तेथेच कळले. प्रवाशाला वाटते, हा आपली पारख करतो आहे. पटले नाही तर येणार नाही. चालकाच्या बाजूनेही कारण आहे. ऑनलाइन भाडे कंपनीच्या हिशेबातून फिरून येते आणि सीएनजीच्या पंपावर मात्र पैसे तत्काळ मोजावे लागतात. पण हे कारण प्रवाशाला कोण सांगणार? आम्ही त्याला वाक्य बदलून दिले : “नमस्कार, मी आपली गाडी घेऊन निघालो आहे. पाच मिनिटांत पोहोचतो. आपण नक्की कोणत्या बाजूला उभे आहात?” यात विनवणी नाही, लाचारी नाही, प्रवाशाला जे हवे ते सांगितले आहे. या प्रश्नाने दुसरेही काम होते. लक्ष्मी रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावर नकाशातली खूण एका तोंडाला आणि प्रवासी दुसऱ्या तोंडाला असेल, तर वळसा घालण्यात पंधरा मिनिटे जातात आणि दोघांचेही डोके तापते. प्रवासी उभा राहून पडद्यावरची छोटी गाडी पाहत असतो, हेही विसरू नये. भाडे घेतल्यावर चहा संपवीत बसलेल्या चालकाचा तारा गाडी येण्यापूर्वीच गेलेला असतो.

दुसरी बाब डिकीची. सीएनजीच्या गाडीत डिकीची बरीच जागा टाकीने व्यापलेली असते. विमानतळावर निघालेले कुटुंब चार बॅगा घेऊन उभे राहते आणि मग वाद होतो. फोनवरच विचारावे, “सामान किती आहे?” छतावर कॅरियर असेल तर चांगला दोर आणि ताडपत्री जवळ ठेवावी. बॅग उचलायला हात लावावा. त्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

तिसरी बाब वासाची. गाडीत झोपणे, जेवणे, गुटखा खाणे यांचा वास चालकाला येत नाही, कारण नाक सरावते. त्यावर उग्र अत्तर मारले तर दोन वास होतात. उपाय साधा आहे : दर फेरीनंतर दोन मिनिटे चारही काचा खाली. एसीचेही तसेच. एसी चालवला तर इंधन चालकाचे जळते, हे खरे. परंतु मागितल्यावर कुरकुरत लावलेल्या एसीत इंधनही जाते आणि ताराही जातो. त्यापेक्षा प्रवासी बसण्यापूर्वीच लावावा.

चौथी बाब बोलण्याची. निघताना एकच प्रश्न पुरे : “नकाशाप्रमाणे जाऊ, की आपला नेहमीचा रस्ता आहे?” त्यानंतर रस्ता लांब पडला तरी दोष एकट्या चालकाचा राहत नाही. गाडी चालवताना फोनवर बोलू नये. प्रवासी बोलला तर बोलावे. गाव, जात, पगार, लग्न यांची चौकशी करू नये. रात्री एकटी बाई गाडीत असेल तर आरसा मागच्या रस्त्यासाठी आहे हे लक्षात ठेवावे, माहितीचा उजेडाचा रस्ता घ्यावा आणि ती फाटकाच्या आत गेल्यावर गाडी हलवावी. शेवटी भाड्याचा आकडा मोठ्याने सांगावा, पडदा दाखवावा आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. “पाच तारे द्या हं” असे गयावया करून मागू नये. ज्याला द्यायचे असतात तोही त्याने अवघडतो.

पाचवी बाब लिखापढीची, आणि आपले चालक नेमके येथेच कमी पडतात. दारू प्यालेला प्रवासी, चार जागांत पाचवा बसवण्याचा आग्रह, उलट्या दिशेने गाडी घालण्याची जबरदस्ती, असे काही घडले की गाडी बाजूला घेऊन तत्काळ ॲपवर तक्रार नोंदवावी. वेळ आणि ठिकाण लिहावे. ज्याची तक्रार आधी पोहोचते, त्याचे म्हणणे आधी ऐकले जाते.

आमच्याकडे आलेल्या त्या चालकाने हे सर्व मन लावून केले. चार महिन्यांत आकडा ४.७ च्या पुढे गेला. आणि नंतर एका रात्री पाच जणांना गाडीत घेण्यास त्याने नकार दिला. त्याने तक्रार लिहिली नाही, त्यांनी लिहिली. सकाळी आयडी बंद! कंपनीच्या कचेरीत गेला तर फाटकावरच्या रखवालदाराने सांगितले, “जे काय असेल ते ॲपवर लिहा.” ज्या ॲपचे दार त्याला बंद झाले होते, त्याच ॲपवर लिहायचे! अकरा दिवस गाडी दारात उभी राहिली. हप्ता मात्र थांबला नाही. आमच्या पत्रव्यवहारानंतर खाते सुरू झाले. का बंद केले आणि का उघडले, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

येथे चालकाचा शहाणपणा संपतो आणि दुसरा प्रश्न सुरू होतो. गिरणीत जॉबर होता. तो जुलमी असेल, पण त्याला तोंड होते. त्याच्याशी भांडता येई, त्याच्यावर मोर्चा नेता येई. आज जॉबरचे काम प्रवाशाकडून करून घेतले जाते, आणि आपण ते करतो आहोत याचा प्रवाशाला पत्ताही नसतो. भाडे वाढलेले असते ते कंपनीच्या हिशेबाने, उशीर होतो तो वाहतुकीमुळे, आणि तारा जातो तो समोर दिसणाऱ्या माणसाचा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी लंडनच्या त्याच खटल्यात चालकांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा या ताऱ्यांचाही विचार केला. चांगल्या ताऱ्यांच्या चालकाला भाडे जास्त मिळत नाही, प्रवासीही तारे पाहून चालक निवडीत नाही. तेव्हा हे तारे म्हणजे कंपनीने चालकावर देखरेख ठेवण्याचे साधन आहे, असा त्याचा आशय होता. मालकाची देखरेख आहे, तर मालकाची जबाबदारीही आली.

आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये या कंपन्यांसाठी राज्यांना जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत ताऱ्यांच्या क्रमवारीत सर्वांत खालच्या पाच टक्क्यांत येणाऱ्या चालकांना दर तिमाहीला उजळणीचे प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. प्रशिक्षणाला आमचा विरोध नाही. पण शंभर जणांची शर्यत लावली तर शेवटचे पाच असणारच, मग शंभरही जण चांगले का धावेनात! कर्नाटकाने त्याच वर्षी केलेल्या कायद्यात, चालकाला काढायचे तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी, असे तत्त्व घातले आहे. आमची मागणी याहून फार मोठी नाही : कारण कळावे, बाजू मांडता यावी, आणि ती ऐकायला पलीकडे माणूस असावा.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत चालकाने आपले पाच मुद्दे सांभाळावेत आणि प्रवाशाने आपले दोन. गाडी नीट आली, माणूस नीट वागला, तर पाच तारे द्यावेत. त्या व्यवहारात पाच म्हणजे ‘अप्रतिम’ नव्हे, पाच म्हणजे ‘तक्रार नाही’. आणि तक्रार असेल तर नुसता तारा कापून गप्प बसू नये, कारण लिहावे. भाडे जास्त होते की गाडी वेडीवाकडी चालवली, हे लिहिले तर दोष ज्याचा त्याच्याकडे जाईल. यास अर्धे मिनिट लागते. तेवढा वेळ जिना चढतानाही काढता येतो.