घडाला झगा
शहापूर तालुक्यातल्या डोळखांबला परसातल्या केळीचा घड उघडाच वाढतो. वाऱ्याने पान घासलं की कोवळ्या सालीवर ओरखडा उमटतो, फुलकिडे लागले की तांबूस डाग. गराची चव तीच, भाव मात्र पडतो.

म्हणूनच निर्यातीसाठी केळी पिकवणारे जळगावचे बागायतदार घडाला ‘स्कर्टिंग बॅग’ घालतात. शेवटची फणी सुटली की केळफूल मोडायचं, पिशवी खालून चढवायची आणि पहिल्या फणीच्या वर दांड्याला बांधायची. खालचं तोंड मोकळंच. आतल्या उबेने थंडीतही घड चांगला भरतो. पिशवीला भोकं मात्र हवीत. नाहीतर आपल्या पावसात आत दमटपणा कोंडून फळ कुजायचं. कडक उन्हात पिशवीखाली वाळलेलं पान घालावं, साल करपत नाही.