विहिरीचें पाणी कोणाचें?

आपल्या शेतांतील विहीर आपली, विहिरींतील पाणी आपलें, आणि तें किती उपसावें हें ठरविण्याचा अधिकारही आपलाच, अशी आम्हां खातेदारांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ती कोठून आली व आज कितपत टिकण्यासारखी आहे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. हवामान पालटत चाललें आहे आणि भूमीखालचें पाणी ओसरत चाललें आहे, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. परंतु या संकटावर जे उपाय कांहीं ठिकाणीं खरोखर उपयोगीं पडले, ते बहुतेक शेतकीशास्त्राच्या पुस्तकांतून आलेले नाहींत. ते आले पदार्थविज्ञानांतून, जमाखर्चाच्या वहींतून, एका कारखानदाराच्या विचारांतून आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासांतून. म्हणूनच ते येथें सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम कायद्याकडे पाहूं. सन १८४३ सालीं इंग्लंडांत अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल नांवाचा एक दावा चालला. शेजारच्या जमिनींत कोळशाच्या खाणी खणल्यामुळें एका गिरणीवाल्याची विहीर आटली होती. न्यायालयानें ठरविलें कीं, जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्यावर ज्याची जमीन त्याची सत्ता. त्यानें तें काढून घेतल्यामुळें शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली तरी शेजाऱ्यास दाद नाहीं. हेंच तत्त्व आपल्याकडील सन १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टांत उतरलें. पाणी भूमीखालीं कसें वाहतें हें त्या काळीं कोणास नीट ठाऊक नव्हतें. जें दिसत नाहीं त्याचा हिशेब कोणी मागत नाहीं, म्हणून तें जमीनमालकाच्या पदरांत टाकून न्यायाधीश मोकळे झाले, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

आतां तें पाणी दिसूं लागलें आहे. सन २००२ सालीं अमेरिका व जर्मनी यांनीं मिळून ‘ग्रेस’ नांवाचे दोन जुळे उपग्रह आकाशांत सोडले. सुमारे २२० किलोमीटरांचें अंतर राखून ते एकामागून एक पृथ्वीभोंवतीं फिरत. खालीं वस्तुमान अधिक असेल तेथें पुढला उपग्रह किंचित् अधिक ओढला जाई व दोहोंमधील अंतर बदले. हा बदल अतिसूक्ष्म मापानें टिपून भूमींतील पाणी वाढलें कीं घटलें याचा अंदाज बांधतां येई. या मापनावरून सन २००९ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें कीं, राजस्थान, पंजाब व हरियाणा (दिल्ली धरून) या प्रदेशांतून २००२ ते २००८ या सहा वर्षांत सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहींसें झालें. त्या वर्षांत पाऊस सरासरीच्या आसपासच होता. दोष आभाळाचा नव्हता, उपशाचा होता.

पंजाबांतील गाळाची भूमि खोल कोठारासारखी आहे; आमच्या दख्खनच्या काळ्या खडकाचें तसें नाहीं. त्याच्या भेगांत व कुजलेल्या थरांत काय मावेल तेवढेंच पाणी. शंभर घागरी आकारमानाच्या खडकांतून एक ते तीन घागरी हातीं लागल्या तर पुष्कळ. असा खडक लवकर भरतो आणि लवकर रिता होतो, आणि त्याच्या भेगा बांधावरचे दगड पाहून वळत नाहींत. त्यांत पावसाची रीत बदलली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं सन २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. उलट पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र उणावला. काळ्या जमिनीच्या भेगा पहिल्या चार सरींतच मिटतात. त्यावर आलेला धो धो पाऊस मुरत नाहीं, माती घेऊन नाल्यास लागतो.

मग उरलेल्या पाण्याचें काय करावें? या प्रश्नास महाराष्ट्रांत पहिलें धीट उत्तर दिलें तें शेतकऱ्यानें नव्हे. कै. विलासराव साळुंखे हे पुण्यांत सूक्ष्म मोजमापाचीं उपकरणें बनविणारे अभियंते व कारखानदार. सन १९७२ च्या दुष्काळांत त्यांनीं पुरंदर तालुक्यांतील हाल पाहिले, आणि १९७४ सालीं नायगांव येथें देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन खंडानें घेऊन ताली घातल्या, पाझर तलाव केला, पाणी साठविलें. एवढें करणारे पुष्कळ आहेत. साळुंख्यांचें वेगळेपण वांटपांत होतें. ‘पाणी पंचायती’चा नियम असा कीं, पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें: माणशीं अर्धा एकर, आणि कुटुंबास फार तर अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकतां येणार नाहीं. भूमिहीनासही वांटा. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः भरावयाचा. ऊस लावावयाचा नाहीं. पाणी सोडण्याचें काम गांवाच्या पाटकऱ्याकडे.

मोठ्या खातेदारास हा नियम कडू लागतो, हें आम्ही जाणतों. ज्यानें कर्ज काढून विहीर खणली, दोनदां बोअर मारला व दोन्हीही कोरडे गेले, त्यानें भूमिहीनास वांटा कां द्यावा, असा प्रश्न आमच्या सभासदांपैकीं कित्येक विचारतील, आणि तो गैर म्हणतां येणार नाहीं. माणशीं वांटपाचा नियम आहे त्या खासगी विहिरींवर लादतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. सामायिक योजना नव्यानें होत असेल तेथें तो चालेल. परंतु उसाचा नियम निराळा आहे. तो दयेवर नव्हे, अंकगणितावर उभा आहे.

तें गणित असें. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें ४००० लिटर पाणी होतें. वर्षास ४०० मिलिमीटर पावसाच्या गांवीं एकरास १६ लाख लिटर मिळतें. त्यांपैकीं दहावा हिस्सा, म्हणजे १ लाख ६० हजार लिटर, खडकांत मुरतें असें धरूं. उसास सालभर २००० मिलिमीटर पाणी धरलें तर एकरीं ८० लाख लिटर झालें. स्वतःच्या एकरावर पडलेला सगळा पाऊस उसानेंच घेतला तरी ६४ लाख लिटरांची तूट राहते. ती विहिरींतून भरून काढावयाची तर चाळीस एकरांवर मुरलेलें पाणी एका एकराच्या उसास लागतें. हा हिशेब ढोबळ आहे. जागोजाग आंकडे बदलतील. पण त्या चाळीस एकरांचे मालक कोण, हें प्रत्येकानें आपल्या शिवारांत पाहावें.

हाच हिशेब सगळ्या गांवानें वहींत मांडल्याचें उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार. १९८९ सालीं तेथें सरपंच झालेले श्री. पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदवीधर; जमाखर्च हा त्यांच्या शिक्षणाचाच विषय. सन २००४ पासून गांव पावसाळा संपतांच पाण्याचा ताळेबंद मांडतें: पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय, माणसांस व जनावरांस किती लागेल, उरेल तें रब्बीस. पाऊस कमी झाल्यास पिकें त्या मानानें कमी करावयाचीं. शेतीसाठीं बोअर नाहीं. ऊस व केळी नाहींत. हा गांव लहान आहे, सुमारे १००० हेक्टरांच्या आंतला, त्यास ‘आदर्श गांव’ योजनेचें साहाय्य मिळालें, आणि दीर्घकाळ एकच नेता लाभला. म्हणून त्याची नक्कल हुबेहूब कोठेंही वठेल असें आम्ही म्हणत नाहीं. आंध्रांत अन्न व कृषि संघटनेच्या साहाय्यानें सात जिल्ह्यांतील सुमारे साडेसहाशे गांवांत निराळा मार्ग चोखाळला गेला. तेथें मनाई कसलीच नव्हती. शेतकऱ्यांनीं स्वतः पाऊस व विहिरी मोजावयाच्या आणि रब्बीपूर्वीं सर्वांदेखत आंकडे वाचावयाचे, इतकेंच. आंकडे पाहून पुष्कळांनीं आपण होऊन भात कमी केला.

बंधनावांचून हें टिकेल काय? सन १९६८ सालीं गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञानें लिहिलें कीं, सामायिक कुरणांत जो तो आपलें एक जनावर वाढवितो आणि कुरण उजाड होतें. उपाय म्हणजे खासगी मालकी किंवा सक्ती. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीनें हें मत खोडलें, आणि २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचा पहिला मोठा अभ्यास कुरणांचा नव्हता, भूजलाचाच होता. कॅलिफोर्नियांत लॉस एंजेलिसजवळ अति उपशामुळें समुद्राचें खारें पाणी विहिरींत शिरूं लागलें, तेव्हां उपसा करणाऱ्यांनींच न्यायालयांत जाऊन आपसांत करार केला; प्रत्येकानें आपला उपसा घटविला. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास एक त्रयस्थ अधिकारी नेमला, आणि कोणीं किती पाणी काढलें हें तो दरसाल छापून काढी. शेजारी मोजमाप लपवीत नाहीं अशी खात्री पटली म्हणजे माणूस आपलेंही मोजूं देतो. साळुंख्यांचा पाटकरी आणि हा अधिकारी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं.

आपल्या राज्यांत सन २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अमलांत आहे, आणि पाण्याप्रमाणें पिकांची योजना करण्याची तरतूद त्यांत आहे. दुसऱ्या बाजूस सन २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस वीज मोफत झाली. ज्यास पैसा लागत नाहीं तें मोजण्याची घाई कोणास होणार? सरकार मोजील याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.

सोसायटीच्या प्रत्येक गांवीं वेगवेगळ्या उंचीवरच्या निदान सहा विहिरी यंदा निवडाव्या असें आम्ही सुचवितों. आक्टोबरअखेर व मेअखेर, अशा दोन वेळां त्या मोजाव्या. आदल्या सायंकाळपासून त्या व लगतच्या विहिरींचे पंप बंद ठेवावे. पहांटे, पहिला पंप सुरू होण्यापूर्वीं, विहिरीच्या कांठावर रंगाची खूण करून तेथून पाण्यापर्यंत वजन बांधलेली फीत सोडावी, आणि दोघांनीं वाचून आंकडा लिहावा. पर्जन्यमापकाचें भांडें झाडापासून व भिंतीपासून दूर ठेवावें. आंकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खातेदारांच्या नांवांनिशीं लावावे, आणि आक्टोबरचे आंकडे रब्बीचें बीं घेण्यापूर्वीं सर्वांसमक्ष वाचून दाखवावे.