सेवानिष्ठा आणि सेवात्यागाचे स्वातंत्र्य : कल्याणचा करार व आष्टीची उचल

सेवकाने मालकाशी एकनिष्ठ राहावे आणि तरीही त्याला सेवा सोडून जाण्याची मोकळीक असावी, या दोन अपेक्षा औद्योगिक समाजात एकाच वेळी बाळगल्या जातात. त्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न बहुधा शहरातील कंपन्यांच्या संदर्भातच चर्चिला जातो. परंतु बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यासारख्या भागात तोच प्रश्न निराळ्या नावाने आणि अधिक कठोर रूपात दरवर्षी उपस्थित होतो. दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्यास निष्ठा म्हणून आपण नेमके कशाला ओळखतो, याचा उलगडा होण्यास मदत होईल असे वाटते.

प्रथम कायद्याची भूमिका पाहू. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या २७व्या कलमानुसार कोणालाही कायदेशीर धंदा, व्यापार वा व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. कलमात नमूद केलेला अपवाद एकच, तो धंद्याच्या नावलौकिकाच्या विक्रीचा. या शब्दांवरून सेवकाचे स्वातंत्र्य निरपवाद आहे असा समज होतो. मात्र करार चालू असतानाच्या बंधनाचे काय, हे कलमातून स्पष्ट होत नाही. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाला १९६७ साली द्यावे लागले, आणि तो खटला कल्याणचा होता.

सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या कल्याण येथील रेयॉन कारखान्यात टायरसाठी लागणारे सूत तयार होत असे. त्याचे तंत्र हॉलंड व पश्चिम जर्मनी येथील दोन कंपन्यांकडून मोबदला देऊन मिळविलेले होते, आणि ते गुप्त राखण्याची हमी कंपनीने दिली होती. निरंजन शंकर गोलिकरी हे १९६३ मध्ये पाच वर्षांच्या कराराने पाळीप्रमुख म्हणून तेथे रुजू झाले. कंपनीने त्यांना काही महिने प्रशिक्षण दिले. मुदत संपण्यापूर्वी सेवा सोडल्यास उरलेल्या काळात तशाच अन्य कारखान्यात काम करावयाचे नाही, अशी अट करारात होती. १९६४ च्या अखेरीस ते राजस्थानातील कोटा येथील रेयॉन कारखान्यात दाखल झाले. कंपनीने दावा लावला आणि मार्च १९६८ पर्यंतचा मनाईहुकूम मिळविला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

या निकालाचा आधार मालकपक्ष वारंवार घेतो. त्यातील मर्यादांकडे मात्र तितके लक्ष जात नाही. न्यायालयाने कल्याणला परत या, असे गोलिकरींना सांगितले नाही. मनुष्याकडून व्यक्तिगत सेवा सक्तीने करवून घेणे दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत बसत नाही. बंधन केवळ त्याच प्रकारच्या उत्पादनापुरते होते, त्याची अखेरची तारीख ठरलेली होती, आणि अन्य उपजीविकेचा मार्ग खुला होता, या गोष्टी निर्णायक ठरल्या. पुढे १९८० मधील सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात, सेवा संपल्यानंतरचे बंधन वाजवी असो वा नसो, ते शून्यच होय, असे प्रतिपादन केले. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सेवा सोडणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये द्यावेत ही अट वैध ठरली. (ती बँक २०१९ मध्येच बँक ऑफ बडोदात विलीन झाली होती.) येथे बाहेर पडण्याचे मूल्य रुपयांत आधीच लिहिलेले होते, अधिकारी वरच्या वेतनश्रेणीतील होता, आणि रक्कम भरून तो दुसऱ्या बँकेत गेलाही होता.

आता आष्टीकडे वळू. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा पर्जन्यछायेतील तालुका अहिल्यानगर जिल्ह्याला लागून आहे. खरिपाच्या भरवशावर वर्ष निभत नाही, म्हणून येथील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात आणि पट्टा पडला की परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्या कोयत्याला पावसाळ्यातच मुकादम ‘उचल’ देतो. उचल टनामागच्या मजुरीतून फिटावयाची असते. आजारपणाचा वा अन्य कारणाचा ‘खाडा’ पडला तर रक्कम कापली जाते. हंगामाअखेर जी बाकी राहते ती पुढच्या वर्षाच्या उचलीत मिसळते, आणि कुटुंब पुन्हा त्याच मुकादमाकडे बांधले जाते.

येथे निष्ठा कोणाशी, हा पहिला विचारणीय मुद्दा आहे. ऊस कारखान्याचा, गाळप कारखान्याचे. पण तोडणी कामगार कारखान्याच्या वेतनपटावर नसतो. तो ओळखतो मुकादमाला. मुकादम पुष्कळदा त्याच्याच गावचा, भावकीतला किंवा सोयऱ्यांतला असतो. लग्नाला, दवाखान्याला पैसे तोच देतो. त्यामुळे ‘शब्द दिला आहे’ ही भावना खरी असते, ती निव्वळ धाक म्हणून बाजूस सारता येत नाही. हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेल्या विवेचनानुसार असमाधानी सभासदापुढे निर्गमन आणि तक्रार हे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा निर्गमन लांबवून तक्रारीला अवसर देते. आष्टीच्या टोळीत निर्गमन बाकीने अडविलेले असते आणि तक्रार ऐकणारा कारखाना स्वतःला मालक मानीत नाही. संघटनांच्या संपांतून दरवाढ पदरात पडते, उदाहरणार्थ जानेवारी २०२४ मधील ३४ टक्क्यांची. परंतु ती वाटाघाट दराची असते, उचलीच्या हिशेबाची नव्हे.

अग्रिम रकमेने माणूस बांधण्याची रीत जुनी आहे. ब्रिटिश मुलखात १८५९ च्या तेराव्या अधिनियमाने आगाऊ रक्कम घेऊन काम टाकणाऱ्या कारागिराला तुरुंगवास होऊ शकत असे. तो कायदा १९२५ च्या अधिनियमाने रद्द झाला. निजामी मुलखात ‘भागेला’ पद्धत होती, आणि वेठबिगार निर्मूलन अधिनियम, १९७६ याच्या व्याख्येत तिचे नाव इतर पद्धतींबरोबर आलेले आहे. ती व्याख्या अभ्यासकांनी मुळातून वाचावी. अग्रिमाच्या मोबदल्यात ‘ठराविक वा अनिश्चित काळासाठी’ रोजगाराचे स्वातंत्र्य गमावणे, हेही तेथे वेठबिगारीचे लक्षण मानले आहे. १९८५ च्या दुरुस्तीने कंत्राटी व आंतरराज्य स्थलांतरित कामगारही स्पष्टीकरणात समाविष्ट झाले.

येथे एक शंका रास्त आहे. ठराविक काळासाठी रोजगाराचे स्वातंत्र्य तर गोलिकरींनीही गमावले होते; मग एक करार वैध आणि दुसरा वेठ, हे कसे? आमच्या मते फरक बंधनाच्या शब्दांत नाही, त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत आहे. गोलिकरींना मिळालेले प्रशिक्षण हे त्यांची बाजारातील किंमत वाढविणारे होते. उचल ही पोटात जाते. कल्याणच्या कराराची मुदत छापलेली होती. बाकीला मुदत नाही. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक निकड हीही सक्तीच होय असे म्हटले, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यावरील श्रम २३व्या अनुच्छेदाखालील सक्तीचे श्रम ठरविले. ती कसोटी पदवीधर पाळीप्रमुखाला लागू पडणे कठीण, पावसाळ्यात घरात दाणा नसलेल्या कोयत्याला सहज लागू पडते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. उचल घेऊन टोळी आलीच नाही, अशा फसवणुकीच्या तक्रारी मुकादम व वाहतूकदार करतात. मुकादमाने स्वतः कारखान्याकडून किंवा वाहनमालकाकडून पैसा घेतलेला असतो. टोळी फुटली तर कर्ज त्याच्या अंगावर येते. म्हणजे जोखीम साखळीच्या तळाशी ढकलली जाते आणि साखर विकणारी संस्था तिच्यापासून अलिप्त राहते. कारखान्याने उचल थेट कामगाराच्या नावे नोंदविली, तर मुकादमाची ही चिंता व कामगाराची बाकी दोन्हींचा हिशेब एका ठिकाणी दिसू शकेल. त्याचबरोबर आपण मालक आहोत हे कारखान्याला मान्य करावे लागेल, आणि अडचण तेथेच आहे.

१९७६ च्या अधिनियमाच्या १५व्या कलमाने कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकलेला आहे. व्यवहारात उचल, खाडा आणि बाकी यांची नोंद ज्या वहीत होते ती मुकादमापाशी असते, आणि सही वा अंगठा देणाऱ्याकडे तिची प्रत क्वचितच आढळते. आष्टी, पाटोदा व शिरूर कासार या तालुक्यांत क्षेत्राभ्यासास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी मजुरीच्या दरांबरोबर या वह्यांतील सलग तीन-चार हंगामांच्या नोंदी जुळवून पाहाव्यात. बाकी कोणत्या हंगामात, कोणत्या खर्चापोटी वाढली, हे त्यांतून हाती लागेल.