आधी मोज, मग माग

सुरतेच्या उधना भागातील आमच्या शाळेत एके दिवशी दोघे सख्खे भाऊ रडवेल्या चेहऱ्याने आमच्यापुढे उभे राहिले. हाती रिमोटवर चालणाऱ्या दोन चिमुकल्या मोटारी, दोन्ही बंद. थोरल्याच्या मोटारीचे दातेरी चाक झिजले, म्हणून त्याने धाकट्याच्या चालत्या गाडीतले काढून बसविले. दोन्हींवर १:२८ हेच प्रमाण छापलेले. मग बिघडले कोठे?

वाचकहो, प्रमाण एवढेच सांगते की खऱ्या मोटारीचे २८ सेंटिमीटर येथे १ सेंटिमीटर झाले. आतील दात्यांविषयी ते मौन पाळते. दात्यांचे माप, म्हणजे मॉड्यूल, एकाचे ०.५ व दुसऱ्याचे ०.६ असेल, तर डोळ्यांस फरक जाणवत नाही. दाते मात्र अडतात. शिवाय आसाची जाडी जुळावी लागते. दात्यांची संख्याही पाहावी. मोटरवर ८ आणि आसावर ४० दाते असता मोटरच्या ५ फेऱ्यांत आस एकदा फिरतो. ८ च्या जागी १० बसविता आले, तर वेग वाढतो, पण जोर घटतो व मोटर तापते.

हे आम्हांस मुलांच्या वडिलांनी समजाविले. यंत्रमागावर चेंज व्हीलचे दाते बदलले की कापडातील इंचामागचे आडवे धागे बदलतात, हे त्यांचे नित्याचे काम. त्यांनी थोरल्यास चाक परत करावयास लावले. म्हणाले, “आधी मोज, मग माग.”

धाकट्याची गाडी त्याच सायंकाळी धावली. थोरल्याची अद्याप फळीवर आहे. परंतु आता तो दाते मोजतो, आणि भावाला विचारतो.