जाहिरातीत न मावणारा ‘प्लॅन’

साखळी विक्रीच्या, म्हणजेच मल्टिलेव्हल मार्केटिंगच्या धंद्यात विकायला दोन गोष्टी असतात. एक डब्यातली पावडर किंवा साबण. दुसरी ‘प्लॅन’, म्हणजे खाली माणसे जोडत गेल्यास होणाऱ्या कमाईचे आश्वासन. ओढ बहुधा दुसरीचीच, आणि ऑनलाइन जाहिरातीत नेमकी तीच अडते. थोड्या पैशांत झटपट कमाई सुचवणारी जाहिरात फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाच्या धोरणात बसत नाही. ‘कर्जात बुडालात का?’ हा प्रश्नही नाही. वाचणाऱ्याची आर्थिक स्थिती गृहीत धरून बोलायला तिथे मनाई आहे. उरते पावडर. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा होतो असे छापले, तर 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आडवा येतो.

धंदा मात्र बेकायदा नाही. पैसे फिरवणाऱ्या साखळ्यांवर 1978 पासून बंदी असली, तरी खरा माल विकणाऱ्या कंपन्यांना डिसेंबर 2021 चे थेट विक्रीचे नियम लागू होतात: प्रवेश फी नको, पिरॅमिड नको, तक्रार अधिकारी हवा. नवख्याला यातला फरक कळणे अवघड. 2011 मध्ये गाजलेल्या ‘स्पीक एशिया’ प्रकरणात विकायला माल नव्हताच, ऑनलाइन सर्वेक्षणे होती. जाहिराती मात्र टीव्हीवर झळकत होत्या.

बिदर-कलबुर्गीच्या सीमापट्ट्यात आणखी एक पेच. जाहिरात प्रदेश आणि भाषा निवडून लावली जाते. ‘कर्नाटक, कन्नड’ निवडले की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदची मराठी घरे निसटतात. ‘महाराष्ट्र, मराठी’ निवडले तरी निसटतात. सोयरीक मात्र उदगीर, उमरगा, अक्कलकोटपर्यंत पसरलेली, आणि डाउनलाइन, म्हणजे खाली जोडलेल्या माणसांची साखळी, सोयरिकीच्या वाटेनेच वाढते. म्हणून पैसे मोजून केलेल्या जाहिरातीपेक्षा भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप जवळचा. मामाने मराठीत पाठवलेला आवाजी निरोप कोणी तपासत नाही, तपासूही शकत नाही. संदेश कुलूपबंद असतात. त्याला जाहिरात म्हणावे असे मामालाही वाटत नाही. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मालाची भलामण करणाऱ्याने कंपनीशी असलेला आपला संबंध उघड करायला हवा. लग्नघरी ‘प्लॅन’ दाखवताना ते कोण सांगतो?

देखरेखीची यंत्रणा उभारण्याचे काम थेट विक्रीच्या नियमांनी राज्यांवर सोपवले आहे, आणि साखळी तर एका पिढीत दोन राज्यांत पसरते. विक्रेत्याने विकलेल्या मालाच्या तक्रारीला कंपनी जबाबदार असते. मालाची पावती दाखवता येते. मामाने सांगितलेल्या कमाईची पावती नसते.